कागदी माणसांच्या पाठी

राजमान्य मेहुणेबुवांस, भावोजींचा सप्रेम नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुमच्या पोटात गोळा आला असेल, तर आधी घोटभर पाणी प्या. इकडे सगळे धडधाकट आहेत, कोणी पडलेलं नाही, काही जळलेलं नाही (जळेल असं मला रोज वाटतं, पण त्याबद्दल पुढे), आणि मला तुमच्याकडून काहीएक नको आहे. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण मागे मी एकदा तुमची शिडी मागून घेतली होती, तेव्हापासून माझं पत्र आलं की ते उघडायच्या आधी तुम्ही मागच्या खोलीत जाऊन सामानावर नजर फिरवून येता, असं वहिनींनीच सांगितलं. शिडी परत करायची राहिली आहे, पण ती सुखरूप आहे. तुमच्या खोकल्याचं काय झालं? मागच्या पत्रात नुसतं 'खोकला आहे' एवढंच लिहिलंत, कोरडा की ओला ते लिहिलं नाहीत, त्यामुळे मला दोन्हींची काळजी करावी लागली. जन्मभर मोजणी खात्यात नोकरी केलेल्या माणसाने असं मोघम लिहू नये. वहिनींचा हात खांद्यापासून वर जातो का आता? जात असेल तर फार वर नेऊ देऊ नका, तिथेच अडकतो. माझं म्हणाल तर गुडघे तसेच, झोप तशीच, आणि डाव्या कानात अधूनमधून काहीतरी घरघरतं. ते कानात घरघरतं की सूनबाईच्या प्रिंटरमध्ये, हे अजून ठरलेलं नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर मी बोलायला लागलो की तुम्ही नुसतं 'हं, हं' करता, मग मध्येच तेही थांबतं, आणि लाईन तुटली की तुम्हाला काही झालं या काळजीत माझं सांगायचंच राहून जातं. शिवाय फोन समोरच्या खोलीत आहे आणि सूनबाईही समोरच्या खोलीत असते. चौथीनंतर माझी शाळा सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुका होतील, त्या मनातल्या मनात दुरुस्त करून घ्या.

सलून मी बंद केलं ते तुम्हाला माहीतच आहे. हात अजून दगडासारखे स्थिर आहेत, पण न्हाव्याला हातांपेक्षा पाय जास्त लागतात हे लोकांच्या लक्षात येत नाही. मुलगा लांबच्या गाडीवर असतो, अधूनमधून घरी येतो आणि आला की झोपतो. म्हणजे घरात उरलो सूनबाई आणि मी. सून वाईट नाही हो, चांगली आहे, पण आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती. आम्ही तुमच्या ताईमार्फत बोलायचो. बाबा चहा घेणार का, हे ती ताईला विचारायची. ताई मला विचारायची. मी ताईला हो म्हणायचो. आणि सूनबाई, जी हाताच्या अंतरावर भांडं घेऊन उभी असायची, ती ताईने 'हो म्हणतायत' असं सांगेपर्यंत गॅस पेटवायची नाही. आता मधला माणूसच गेला. पहिले काही महिने आम्ही चहासुद्धा अंदाजाने प्यालो. (मला नको असताना मी कितीतरी कप प्यायलो, आणि ती बहुधा तिला करायचा नसताना करत होती.)

तर ही सूनबाई कागदी माणसं करते. तुम्ही हसाल, म्हणून नीट सांगतो. माणसं बोटाएवढी. कागदाच्या एका पट्टीवर माणसाची पुढची बाजू काढायची आणि तिच्या डोक्याला डोकं लावून, उलटी, मागची बाजू काढायची. पट्टी डोक्याच्या रेषेवर दुमडायची, आत खळ लावून वजनाखाली दाबून ठेवायची, वाळली की कडेकडेने कापायची, आणि पायाशी सोडलेली शेपटी पुठ्ठ्याच्या चकतीतल्या खाचेत खोवायची. माणूस उभा राहतो. कापल्यावर कागदाची पांढरी कड दिसते, तिच्यावरून काळं पेन फिरवायचं (याला मी कल्ले साफ करणं म्हणतो). ज्याला ही माणसं हवी असतील त्याने तिच्याकडून चित्रांची फाईल घ्यायची आणि आपापल्या घरी छापायची, हवी तेवढी. एक शिपाई घेतला की अख्खं सैन्य उभं करता येतं, नुसता कागद पुरला पाहिजे. प्रिंटर आला तेव्हा मी त्याच्या शेजारी पाण्याची बादली ठेवली होती, आग लागली तर असावी म्हणून. विजेच्या यंत्रावर पाणी टाकत नाहीत, असं म्हणून सूनबाईने ती उचलली. आता वाळूची ठेवली आहे.

ही माणसं घेऊन करायचं काय, तर खेळायचं. लहान मुलांनी नाही, मोठ्यांनी. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे दर रविवारी खुद्द सायकलवाला, बँकेतल्या एक बाई, आमची सूनबाई आणि दातांचे डॉक्टर असे जमतात. टेबलावर चौकटी आखलेला नकाशा पसरतात, त्यावर ही माणसं उभी करतात, डॉक्टर गोष्ट सांगतात, आणि बाकीचे फासे टाकून त्या गोष्टीत पुढे सरकतात. मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी ही शहाणीसुरती, कमावती माणसं अर्धी दुपार एक दार उघडावं की उघडू नये यावर भांडत होती, आणि ते दार तिथे नव्हतंच. शेवटी मी म्हटलं, उघडा एकदाचं, हवा तरी येईल. तर म्हणे आत राक्षस आहे.

मी यात कसा पडलो, तर राक्षसामुळेच. सूनबाई आधी रेषा काढते, मग कुंचल्याने रंग भरते, आणि रंगवलेला कागद यंत्रावर ठेवून संगणकात घेते. पुढच्या बाजूवर तिचा जीव. डोळे, दात, चिलखताच्या कड्या, सगळं एकेक करून. मागच्या बाजूला मात्र एकच रंग फासून मोकळी व्हायची. एकदा असा एक राक्षस खिडकीत वाळत होता. मी चहा घेऊन तिथे उभा होतो, आणि मला राहवेना, मी प्रिंटरकडे बघून विचारलं की या राक्षसाला मान का नाही. (सरळ तिला विचारायचा धीर झाला नाही.) ती वळली आणि म्हणाली, "मागून कोण बघतंय, बाबा?"

मेहुणेबुवा, ज्याने आयुष्यभर माणसं मागूनच बघितली त्याला हे विचारावं? मी कप खाली ठेवला आणि जो सुटलो तो सुटलो. मानेवरचे केस कुठे संपतात ते सांगितलं, भोवरा कुणाचा उजवीकडे असतो आणि कुणाचा डावीकडे ते सांगितलं, काळजीवाल्या माणसाचे कान मागून कसे दिसतात आणि घरून भांडून आलेला माणूस खुर्चीत बसला की त्याची मान कशी खांद्यात जाते तेही सांगितलं. मध्येच लक्षात आलं की घरघर थांबली आहे. सूनबाईने प्रिंटर बंद केला होता, मला ऐकू यावं म्हणून नाही, तिला ऐकायचं होतं म्हणून. मग तिने दुसरा कुंचला धुतला, टिपला आणि माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून पुढची बाजू तिची आणि मागची माझी. चहाचं ती आता सरळ मलाच विचारते.

पहिला घोटाळा दरोडेखोरांचा झाला. तिने जंगलातली एक टोळी काढली होती, एकेकाच्या डोक्यावर नुसतं घरटं. पाठी माझ्याकडे आल्या. मी अगदी मन लावून रंगवल्या आणि रविवारी त्यांच्याबरोबर मीही गेलो, कारण चकतीतून कोणी निसटून पडलं तर बघायला कोणीतरी हवं. डॉक्टरांनी आवाज खाली आणून सांगायला सुरुवात केली की हे दरोडेखोर वर्षानुवर्षं गुहेत राहिलेले, पाण्याचा स्पर्श नाही, कात्रीचं नाव नाही, त्यांना बघून वाघ वाट सोडतात. आणि तेवढ्यात टोळी पळाली, म्हणजे त्यांनी तिचं तोंड फिरवलं. सगळ्यांच्या माना एका रेषेत साफ केलेल्या, कल्ले बरोबर, एकाच्या तर कानामागे मी पावडरसुद्धा दाखवली होती. हाताने सवयीने केलं हो, मला कळलंही नाही. पुढून दरोडेखोर आणि मागून नवरदेव. बँकेतल्या बाईंनी अगदी गंभीरपणे विचारलं की गुहेत सलून रविवारी उघडं असतं का. सायकलवाल्याच्या हातातले फासे खाली सांडले. मला तोंड कुठे लपवावं कळेना, पण डॉक्टर मोठे हजरजबाबी, त्यांनी तिथल्या तिथे गोष्टीत घालून टाकलं की या टोळीत एक न्हावी आहे आणि तोच खरा म्होरक्या, त्याला कोणी अजून पाहिलेलं नाही. सूनबाई हसत होती. तुमची ताई गेल्यापासून मी तिला हसताना ऐकलं नव्हतं, त्यामुळे आधी मला वाटलं तिला ठसका लागला, आणि मी पाणी आणायला खाली गेलो.

दुसरा घोटाळा हसण्यासारखा नव्हता. त्याच्या आधी एक गोष्ट सांगायला हवी. महिनाअखेरीला इथल्या मोठ्या सभागृहात असले खेळ खेळणाऱ्यांचा मेळावा आहे, लांबलांबून लोक येणार आहेत. तिथे डॉक्टर सगळ्यांदेखत सूनबाईच्या माणसांवर खेळ चालवणार असं ठरलंय. तिचा हा पहिलाच स्वतःचा संच. लोकांना आवडला तर घेतील, नाहीतर परत आतापर्यंतचं काम, पैशासाठी दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या पानांना चौकटी आखून देणं, आहेच. तेव्हा डॉक्टर म्हणजे आमच्या घरात सध्या फार मोठं माणूस. अशात सूनबाईने एक महाकाय काढला आणि त्याला भरदार पाठ हवी होती. माझ्या हाताला भरदार पाठ एकच माहीत. डॉक्टर शिकत होते तेव्हापासून माझ्याच खुर्चीत बसायचे.

तुम्ही इतकी वर्षं न्हाव्याकडे जाता, पण त्याच्या हातातल्या आरशाचा कधी विचार केला नसेल. कापून झालं की मागे छोटा आरसा धरून गिऱ्हाइकाला समोरच्या आरशात त्याची मान दाखवायची असते. सगळे 'छान' म्हणतात आणि कोणी बघत नाही. डॉक्टर मात्र बघायचे. त्यांच्या टाळूवर विरळ पडायला लागलं तेव्हा ते तरुण होते, एकटे होते, आणि नुकतेच कोणासाठी तरी नवीन सदरे शिवून घेत होते. मी आरसा थोडा खाली धरला, म्हणजे नुसती मान दिसावी. पुढे टाळूवरचं मैदान वाढत गेलं तसा आरसा आणखी खाली येत गेला. शेवटची काही वर्षं तर मी त्यांना त्यांची कॉलरच दाखवत होतो. ते बघायचे आणि 'छान' म्हणायचे. यात फसवण्याचा विचार नव्हता, धंद्यातली माया असते ती.

पण कुंचल्याला हे कोण सांगणार. महाकायाच्या टाळूवर ते मैदान जसंच्या तसं उतरलं, मधोमध बेटासारखा उरलेला केसांचा झुबकासुद्धा. रविवारी तो टेबलावर पाठ करून उभा राहिला. सायकलवाला म्हणाला, याला कुठेतरी पाहिलंय. बँकेतल्या बाईंनी बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं, आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोलीत सगळ्यांना कळलं, एका माणसाला सोडून. आपली पाठ जगाला ठाऊक असते, आपल्यालाच नसते. डॉक्टर बिचारे हसतमुखाने प्रत्येकाला विचारत होते की झालं काय. कोणी सांगेना. मग सायकलवाला, मनात काही नसताना, खालून सायकलच्या दांडीला लावायचे दोन आरसे घेऊन आला आणि एक त्यांच्या हातात दिला, एक मागे धरला. वर धरला.

डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. मग आरसा टेबलावर अलगद ठेवला, फासे पिशवीत भरले, आणि एका पेशंटला वेळ दिली आहे असं म्हणून खाली उतरले. रविवारी. त्यांच्या मागून कोणी हसलं नाही.

सूनबाई मला एका शब्दाने बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. आम्ही पुन्हा अंदाजाने चहा प्यायला लागलो. मेळाव्याची तारीख भिंतीवर लाल रंगात केलेली, तिच्याकडे मी बघायचो, ती बघायची, आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही. मी मनात डॉक्टरांची क्षमा मागायची वाक्यं जुळवली, पण प्रत्येक वाक्यात टक्कल हा शब्द यायचाच.

आठवड्याने दुपारी दारावर थाप पडली. डॉक्टर. महाकाय समोरच उभा होता, तो मी चटकन कपाखाली झाकला. डॉक्टर म्हणाले, केस कापून घ्यायचे आहेत. आता मला फार वेळ उभं राहता येत नाही, म्हणून मी खुर्चीत बसलो आणि ते, एवढा मोठा माणूस, माझ्या पायाशी जमिनीवर उशी घेऊन बसले. झाल्यावर मी एक आरसा त्यांच्या हातात दिला, मागे धरायला दुसरा उचलला आणि माझा हात आपोआप खाली गेला.

"वर धरा," ते म्हणाले.

मी थोडा वर धरला.

"अजून वर."

मग त्यांनी निवांत बघितलं, एखाद्याची दाढ बघावी तसं. म्हणाले, "किती वर्षं खाली धरत होता?"

"झाली बरीच."

त्यांनी खांद्यावरचे केस झटकले. मग मान न वळवता म्हणाले, "मीही पेशंटला सांगतो, दुखणार नाही म्हणून."

एवढंच. सूनबाई कोणालाही न विचारता चहा घेऊन आली, तिने माझा कप भरायला उचलला आणि खाली महाकाय निघाला. डॉक्टरांनी तो तळहातावर घेतला, फिरवून फिरवून बघितला, आणि हा असाच राहू द्या, फक्त बेट जरा मोठं करा, असं म्हणाले. मग जाताना चपला घालता घालता, कोणी विचारलं नसताना, सांगितलं की बँकेतल्या बाई त्यांच्याकडे माफी मागायला आल्या होत्या. म्हणाल्या म्हणे की तुम्ही नकाशावर वाकता तेव्हा इतकी वर्षं मी तेच तर बघत आलेय. हे सांगताना डॉक्टरांचे कान मागून लाल झाले होते. (हे त्यांना मी सांगितलं नाही.)

तर मेळावा होणार, खेळ होणार, सगळं मार्गी लागलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण त्याच संध्याकाळी सूनबाईने माझ्यासमोर एक पट्टी ठेवली. संचातली शेवटची. वाट दाखवणारी बाई, हातात कंदील. खेळात ती सगळ्यांच्या पुढे चालते आणि बाकीचे तिच्या मागून, हा डॉक्टरांचा नियमच आहे, ती पुढे नसेल तर कोणाला जंगल ओलांडता येत नाही. मी चष्मा लावला आणि बघितलं, तर चेहरा तुमच्या ताईचा. आजारातला नाही, आधीचा. डावी भुवई किंचित वर, मी 'दाराला कडी घातली' म्हणायचो आणि तिला माहीत असायचं की घातलेली नाही, तेव्हाची. सूनबाईने जुने फोटो कधी काढून बघितले, मला पत्ता नाही. पट्टीचा वरचा अर्धा भाग कोरा. ती म्हणाली, "आईंची मागची बाजू तुम्ही करा, बाबा. दुसऱ्या कोणाला येणार?"

मेहुणेबुवा, मला येत नाही. अख्ख्या वस्तीच्या पाठी माझ्या हातात आहेत, मेलेल्यांच्या, जिवंतांच्या, गाव सोडून गेलेल्यांच्यासुद्धा, आणि हिची नाही. खांद्यापर्यंत बरोबर येतो, मानेशी आलं की कोणीतरी गिऱ्हाईकच होतं. एकदा सायकलवाला झाला. एकदा तर कागदावर तुम्ही आलात. आठवायला बसलो तेव्हा कळलं की ती माझ्यापुढे कधी नव्हतीच. रस्त्याने मी पुढे आणि ती मागे. मी किती वेळा म्हटलं, बरोबरीने चाल, तर म्हणायची की तुमच्या खिशातून सारखं काहीतरी पडतं, मागे राहिलं की उचलता येतं. घरात माझी खुर्ची शेगडीकडे पाठ करून, कंबरेला ऊब लागते म्हणून, म्हणजे स्वयंपाक करतानाही ती माझ्या मागेच. माझी पाठ तिला पाठ असणार, तिची मला नाही. माझ्या कात्रीला तिने कधी जवळ येऊ दिलं नाही, घरी तुम्ही न्हावी नाही म्हणायची. आजारात केस गेले तेव्हा रुमाल बांधून बसायची. मी म्हटलं, मला तरी बघू दे. तर म्हणाली, जन्मभर लोकांचे केस गोळा केलेत, माझे नका करू.

फोटो सगळे धुंडाळले. माणसाचा पाठमोरा फोटो कोणी काढत नाही. एका फोटोत ती पाठ करून उभी आहे, पण मध्ये मी. सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा आजार सुरू झाला होता, तिने हिला पाहिलं ते रुमालातच. ती म्हणते, डोक्यावरून पायापर्यंत शाल देऊ या, म्हणजे काही दिसायला नको. मी बघू म्हटलं आहे, पण शाल म्हणजे पुन्हा रुमालच. आणि आता गंमत अशी की जी कायम मागे राहिली ती खेळात सगळ्यांच्या पुढे चालणार, भरल्या सभागृहात लोक तिच्याच पाठीकडे बघत जंगल ओलांडणार, आणि पाठ कोरी. मेळावा जवळ येतोय. सूनबाई घाई करत नाही, रोज सकाळी फक्त माझा कुंचला धुऊन ठेवते.

असो. तुम्हाला उगीच लांबण लावली. असं सगळं आहे, बाकी ठीक. वहिनींना नमस्कार सांगा, लहानांना आशीर्वाद, आणि उशाशी पाणी ठेवून झोपत जा, खोकला असला की लागतं. कळावे, लोभ आहे तो वाढवू नका, आहे तेवढाच जपा, वाढलेल्याचीही काळजी लागते.

तुमचा,
भावोजी

ता. क. शिडी सुखरूप आहे असं वर लिहिलं. तिच्यावर आम्ही रंगवलेले कागद वाळत घालतो, त्यामुळे खालच्या पायऱ्या थोड्या हिरव्या झाल्या आहेत. एकीवर महाकायाचा पाय छापला गेला आहे. परत इतक्यात मिळणार नाही.

ता. क. खोकला कोरडा की ओला ते नक्की लिहा.

ता. क. मला तुमच्याकडून काहीएक नको, असंही वर लिहिलं. ते सामानाबद्दल होतं. तुम्ही लहान होतात तेव्हा ताई तुम्हाला शाळेत न्यायची. तुम्ही गर्दीत हरवू नये म्हणून ती वेणीचं टोक तुमच्या मुठीत द्यायची आणि पुढे चालायची, आणि तुम्ही चिखलात बसकण मारली तरी टोक सोडायचा नाहीत. हे तिने मला इतक्या वेळा सांगितलंय की मला वाटतं मीच ते बघितलं. बघितलं तुम्ही. ती पुढे चालताना मागून कशी दिसायची, हे या जगात तुमच्याशिवाय आता कोणाला माहीत नाही. पट्टी पाकिटात आहे, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. पेन्सिलही ठेवली आहे, टोक काढून, टोकाला कापूस गुंडाळून. वेणी कुठून सुरू व्हायची, चालताना कोणत्या खांद्याकडे जायची, मान कशी धरायची, एवढंच काढा. चित्र चांगलं यायला नको. मोजमापं घालून काढलंत तरी चालेल, मोजणीवाल्यांना तेच येतं. मुलीची पाठ आणि बाईची पाठ वेगळी असते, असं म्हणू नका. पांढरे केस मी करीन. पट्टी दुमडू नका, खोकताना तिच्यावर वाकू नका, आणि मेळाव्याच्या आधी पोचेल अशी पाठवा.

ता. क. केस विस्कटलेले आठवत असतील तर विस्कटलेलेच काढा. मी हात लावणार नाही.